नमुन्याची सही

"जुळत नाहीये, काकू," काउंटरमागची मुलगी म्हणाली, आणि तेही काही हळू आवाजात नाही.

मला वाटलं मशीनचं काहीतरी बोलतेय. हल्ली कुठेही गेलं की आधी मशीनच बिघडलेलं असतं. मी म्हटलं, "बंद करून पुन्हा चालू कर बघू." मागे रांगेत कुणीतरी हसलं. मुलगी हसली नाही. "मशीन ठीक आहे, काकू. तुमची सही जुळत नाही. परत एकदा करता का? सावकाश करा." सावकाश करा म्हणजे काय? सही करायला मला काय लागतं? सगळा जन्म प्रसूतीच्या वॉर्डात गेला माझा. औषधांच्या तक्त्यावर, घरी सोडायच्या कागदावर, बाळाच्या मनगटाला बांधायच्या पट्टीवर, उभ्या उभ्या, चालता चालता सह्या केल्या मी. झोपेतून उठवून हातात पेन दिलं तरी येईल अशी सही: नावाचं पहिलं अक्षर, एक आडवी रेघ आणि रेघेतून खाली सुटलेला फटकारा, संपलं. आमचे मोठे डॉक्टर म्हणायचे, सिस्टर, तुम्ही सही करता की डास मारता? तर तशी डास मारल्यासारखी सही मी पुन्हा केली. मग आणखी एकदा. तिनं कागद उचलला, पडद्याशी धरला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे बघितलं. रांगेतली माणसं आता हसत नव्हती, ती बघत होती, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. वॉर्डात एकदा एक बाई दुसरीच्याच नावाचा कागद घेऊन औषध न्यायला आली होती, तिला मीच दारात अडवलं होतं आणि सगळ्यांदेखत दोन-चार शब्द सुनावले होते. आज मी त्या बाईच्या जागी उभी होते, फक्त माझ्या हातातला कागद माझाच होता.

खरं म्हणजे मी जायलाच नको होतं. बँकेचा निरोप आला होता की जुन्या संयुक्त खातेदारांनी समक्ष येऊन आपापल्या सह्या ताज्या करून घ्याव्यात. ह्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. मी म्हटलं, माझी मी जाऊन करून येते, तुमची मागाहून करू. तर हे एकदम म्हणाले, "तू नको जाऊस. मी बरा झालो की बघतो सगळं." त्यात वेगळं काही वाटायचं कारणच नव्हतं. त्या बँकेत हे नोकरीला लागले तिथपासून निवृत्त झाले तोपर्यंत तिथलं सगळं हेच बघत आले. माझा पगार हॉस्पिटलजवळच्या बँकेत व्हायचा, तिथं माझी सही, माझा कारभार. ह्यांच्या बँकेतल्या खात्यावर माझं नाव आहे एवढंच मला ठाऊक. पण त्या दिवशी भाजी घेऊन परत येताना वाटेतच बँक लागली आणि म्हटलं, चला, एक काम हातावेगळं करू. काखेत पिशवी, पिशवीतून पालेभाजी डोकावतेय, अशा थाटात मी आत शिरले.

"काकू, राग मानू नका," मुलगी आता हळू बोलायला लागली, कारण तिच्या लक्षात आलं होतं मी कोणाची कोण ते. "तुम्ही आमच्या साहेबांच्या मिसेस, मी ओळखते ना. पण साहेबांनीच शिकवलंय आम्हाला, ओळख सहीशी ठेवायची, माणसाशी नाही." साहेब म्हणजे आमचे हे. बँकेत ह्यांना भिंगसाहेब म्हणायचे. भिंग लावून बघतात म्हणून नव्हे, भिंग न लावता बघतात म्हणून. कुठलाही चेक समोर धरला की नुसत्या नजरेनं सांगायचे, ही सही मुलानं केलीय बापाची, ही दारू पिऊन केलीय, ही खरी आहे पण माणूस घाबरलेला आहे. ऑपरेशनची बातमी कळल्यावर जुन्या मित्रांचा फोनवर एकच विनोद चालला होता, की भिंगाचंच भिंग बदललं. ही मुलगी त्यांच्या हाताखाली शिकलेली शेवटची. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि पडदा बोटानं थोडा माझ्याकडे वळवला. "असं दाखवायचं नसतं खरं तर. पण बघा, आठवतं का."

पडद्यावर माझं नाव होतं. पूर्ण नाव, ह्यांच्या नावासकट, आडनावासकट, आणि सगळ्यात आधी 'सौ.' उभ्या आयुष्यात मी कधी सहीत 'सौ.' लावलेलं नाही. अक्षरं गोल, जरा कलती, एकमेकींच्या मागून शहाण्यासारखी चाललेली. खाली दोन बारीक रेघा आणि दोन्हींच्या मध्ये एक टिंब. किती नीटनेटकी सही होती ती. कुणाही बाईची असावी अशी, आणि माझी नसावी अशी. मी त्या सहीकडे बघत राहिले आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर मत्सर. ही कोण? हिला कधी घाई नसते, हिचा आवाज चढत नसेल, हिच्या हाताला फिनाइलचा वास येत नसेल. मग मला मात्रा दिसली. पेन न उचलता, खालून वर ओढलेली. तशा मात्रा मी रोज बघते, आमच्या फ्रिजवर, ह्यांच्या चिठ्ठ्यांत: 'गॅसवाला येऊन गेला.' आणि त्या सहीच्या खाली बारीक छापलेली ओळ होती, 'माझ्यासमोर सही केली', आणि त्या ओळीखाली बँकेतर्फे ह्यांची स्वतःची सही, भिंगसाहेबांची, झोकदार.

माणसाला लाज कुठून सुरू होते कोण जाणे. आधी वाटलं, कुणी बघितलं तर नाही ना, म्हणजे मी काय बघितलंय ते कुणी बघितलं तर नाही ना. जणू ह्यांचा पायजमा चारचौघांत सुटलाय आणि झाकायचं काम माझं. एका क्षणात मला सगळं लख्ख दिसलं. ही माझी सही नाही असं म्हटलं, की ह्यांची उभ्या आयुष्याची अब्रू या काउंटरवर मातीत जाते, तीही ह्यांच्याच चेलीसमोर. आणि गप्प बसले, तर मी स्वतःची सही विसरलेली म्हातारी. "अगं बाई, हो की," मी म्हटलं. "ही जुनी. विसरलेच बघ. डोकं म्हणजे नुसतं खोकं झालंय." मुलीचा चेहरा सैल झाला. मागचा एक गृहस्थ म्हणाला, "होतं असं, होतं. माझ्या आईचं असंच झालं होतं." त्याच्या आईची आणि माझी एका दमात मोट बांधली त्यानं. मुलीनं मला एक अर्ज दिला, सही बदलण्याचा. त्यात दोन चौकोन होते. एकात जुनी सही, एकात नवी. "आधी जुनी जुळायला लागते, काकू, त्याशिवाय नवी घेता येत नाही. घरी जरा हात बसवून या. आणि साहेबांनाही घेऊन या, त्यांचीही घ्यायचीच आहे."

घरी येताना मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं आले. मला तो म्हातारा शिंपी आठवत होता. मी त्याला कधी पाहिलेलं नाही, पण एकदा जेवताना ह्यांनी त्याची गोष्ट सांगितली होती. त्याचा हात कापायचा. ह्यांनी त्याच्याकडून कागदभर सह्या करून घेतल्या, एकही जुळेना, शेवटी शाई मागवून त्याचा अंगठा घेतला. शिंपी म्हणाला होता, साहेब, मला लिहिता येतं हो, मी अंगठेबहाद्दर नाही. "मग?" मी विचारलं होतं. "मग काय? नियम म्हणजे नियम. जो जुळत नाही तो तो नाही." हे अगदी शांतपणे म्हणाले होते, मऊ आवाजात, आणि मला तेव्हा ह्यांचा अभिमान वाटला होता. मी ह्यांना आणखी वाढलं होतं. शेजारपाजारी सांगितलं होतं की आमच्या ह्यांच्यासमोर सख्खा भाऊ आला तरी सुटत नाही. सांगितलं होतं, मिरवलं होतं, आणि त्या सगळ्या वर्षांत त्या बँकेच्या कपाटात ती सहीतली बाई गपचूप बसलेली होती, टिंब देऊन.

हे खिडकीपाशी काळा चष्मा लावून रेडिओ ऐकत बसले होते. "उशीर झाला?" म्हणाले. मी पिशवी ओट्यावर ठेवली. थेंब घालायची वेळ झालीच होती. हात धुतले, ह्यांची मान मागे टेकवली, चष्मा काढला, दोन बोटांनी पापणी उघडी धरली. डोळा लाल होता, पाणावलेला होता आणि सरळ माझ्याकडे बघत होता. दुसरीकडे बघायची सोयच नव्हती त्याला. मी विचारलं, "बँकेतली माझी सही कुणी केली?"

डोळा मिटायला गेला. मी मिटू दिला नाही. इतकी वर्षं माणसं हाताळली मी, कुठे किती दाबायचं ते कळतं. एक थेंब पडला.

"गेली होतीस तू," हे म्हणाले.

"गेले होते."

"मी नको म्हटलं होतं."

"ते आता कळलं, का म्हणालात ते."

ह्यांनी चाचपडत रेडिओ बंद केला. मग हे म्हणाले, "महिनाअखेर होती. प्रत्येकानं घरच्यांची खाती उघडायची असा वरून तगादा होता. मी तुझा कागद घेऊन घरी आलो होतो दुपारचा. तू रात्रपाळी करून आली होतीस, तोंडावर पदर घेऊन झोपली होतीस. उठवायचं जिवावर आलं माझ्या." मला सांगायचंय की हे खरं बोलत होते. ह्यांचा खोटा आवाज मला माहीत आहे, हा तो नव्हता. आणि तेच जास्त लागलं. नुसता लबाड माणूस असता तर मी भांडले असते, भांडी आपटली असती. पण मी झोपले होते आणि माझी झोप मोडू नये म्हणून कुणीतरी खाली बसून, जीभ दाताखाली धरून, मन लावून माझी सही तयार केली होती. मला कशी सही शोभेल याचा विचार करून. मी म्हटलं, "माझी सही कशी आहे ते माहीत नव्हतं तुम्हाला?" हे म्हणाले, "तेव्हा कुठे बघितली होती?" लग्नाला वर्ष व्हायचं होतं तेव्हा. मग मी म्हटलं, "आणि नंतर?" मी दुसऱ्या डोळ्यात थेंब घातला. दुसऱ्या डोळ्यात घालायचाच नव्हता, तो उगाचच घातला.

संध्याकाळी ह्यांनीच कोरे कागद काढले. मला वाटलं आता हे म्हणतील, मी सांगतो बँकेत जाऊन. पण नाही. "ती जुनी सही तुला यायला हवी," म्हणाले. "आली की काम झालं. कुणाला काही कळायचं नाही." आणि ह्यांनी एकदा करून दाखवली. इतक्या वर्षांनी, एका डोळ्यानं, पहिल्या झटक्यात, 'सौ.' पासून टिंबापर्यंत तंतोतंत. ती बाई कागदावर हजर झाली. मग मला शिकवायला बसले. "एवढा जोर नको देऊस. बोटांनी नाही, मनगटानं फिरव. आडनावापाशी थांबू नकोस, थांबलीस की गाठ पडते, गाठ दिसते लगेच." मी गिरवत होते. इतक्या वर्षांनी पाटीपुढे बसवलेलं मूल. हे माझा कागद चांगल्या डोळ्याजवळ नेत, मान हलवत, परत देत. आणि मला दिसत होतं की हे खुशीत आहेत. निवृत्त झाल्यापासून ह्यांच्यापुढे कुणी सही ठेवली नव्हती. "हां, आता बघ, आता जमतंय." ह्यांच्या आवाजात जुना साहेब आला होता. मला लाज वाटत होती, ह्यांची आणि माझीही, कारण माझा हात वळायला लागला होता. ती सही करायला बरं वाटतं. संथ, गोल, कुठे अडत नाही. एका सहीला तर हे कागदावरून वर बघून म्हणाले, "छान. आता ही तुझी झाली." मी पेन ठेवलं आणि कुकर लावायला गेले. कुकर लावता लावता हवेत बोटानं ते टिंब पुन्हा देऊन बघितलं, तेव्हा स्वतःचीच शिसारी आली.

दोनेक दिवसांनी आम्ही दोघं गेलो. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, काळा चष्मा लावला होता. पायऱ्या चढताना माझा दंड धरला, पण दार आलं तसा सोडला. वॉचमननं सलाम केला. आतली दोन-चार माणसं उठून उभी राहिली. कुणी खुर्ची आणली, कुणी चहा सांगितला. मला कुणी खुर्ची दिली नाही असं नाही, दिली, पण ह्यांच्या मागोमाग. "साहेब, दिसतंय का आता?" "एकदम स्वच्छ. पूर्वी नुसत्या सह्या दिसायच्या, आता शाईची कंपनीही दिसते." सगळे हसले. मुलीनं अर्ज माझ्यासमोर ठेवला. "काकू, आली का आठवून?"

माझ्याआधी हेच बोलले. "वय झालं गं तिचं. विसरते. मी घरी बसवून करून घेतली तिच्याकडून."

पुन्हा सगळे हसले. प्रेमानं हसले. मीही हसले असणार, कारण माझे गाल दुखले. असं बघा, हे वाईट मनानं बोलले नाहीत. ह्यांना विषय हलका करायचा होता. पण मी काउंटरची कड धरून उभी होते आणि माझ्या मनात आलं, मी ह्यांची लाज अंगावर घेतली, पदराखाली झाकून घरी नेली, तिचा अभ्यास केला, आणि आता तीच माझी म्हणून हे चारचौघांत वाटतायत, चहाबरोबर. मी जुन्या सहीच्या चौकोनात सही केली. सौ. गोल, कलती, गाठ न पडू देता आडनाव. दोन रेघा. टिंब. मुलीनं पडद्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा फुलला. "काकू, जशीच्या तशी. इतकी सुंदर सही आहे तुमची, मग बदलताय कशाला? हीच राहू द्या ना. अर्जच नको मग, मी नुसती ताजी करून टाकते."

"तेच म्हणतो मी," हे म्हणाले. "हीच राहू दे."

राहू दिली असती. शपथेवर सांगते, ओठांपर्यंत आलं होतं माझ्या, राहू दे बाई. काय बिघडत होतं? कोण बघणार होतं? हे चहाचा कप चाचपडत होते. एरवी मी सरकवला असता, तेव्हा सरकवला नाही. मी दुसऱ्या चौकोनात सही केली. एक अक्षर, एक रेघ, एक फटकारा. कागद जरा फाटलाच टोकाशी.

मुलगी ती बघून हसली. "अगंबाई. काकू, या दोन सह्या एका माणसाच्या वाटतच नाहीत."

"नाहीतच," मी म्हणाले.

तिला आधी गंमत वाटली. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं, मी गंमत करत नव्हते. मग तिनं पडद्याकडे बघितलं, पहिल्यांदाच नीट, म्हणजे ह्यांनी शिकवलं होतं तसं: नुसतं वर नाही, खालपर्यंत. तिचे डोळे त्या जुन्या सहीवरून खालच्या ओळीवर गेले, ओळीवरून ह्यांच्या सहीवर, आणि परत वर. मात्रेपाशी थांबले. फार वेळ लागला नाही तिला. ह्यांनी तिला चांगलं तयार केलं होतं. तिनं पडदा स्वतःकडे वळवून घेतला, पार, म्हणजे शेजारच्या टेबलावरून दिसू नये इतका. माझ्या नव्या सहीवर शिक्का मारला. मला वाटलं होतं मला मोकळं वाटेल. काही मोकळं वाटलं नाही. ह्यांचा हात कपाकडे जाता जाता मध्येच थांबला होता आणि हे आमच्या दोघींच्या मध्ये कुठेतरी बघत होते. स्वच्छ दिसत होतं ना आता.

मग मुलीनं दुसरा कागद काढला, ह्यांच्यासाठी. तो ह्यांच्यापुढे ठेवला, पेनचं टोपण काढून पेन हातात दिलं, आणि फार हलक्या आवाजात, रांगेतल्या कुणाही म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली, "काका, इथे करा. घाई नाही."

आतापर्यंत ती ह्यांना साहेब म्हणत होती. ह्यांनी पेन कागदाजवळ नेलं, पण ओळ सापडेना. खरंच दिसत नव्हतं की काय, मला नाही सांगता येणार. ऑपरेशनआधी माणसं संमतीच्या कागदावर सही करतात तेव्हा भीतीनं त्यांनाही ओळ सापडत नाही, तेव्हा आम्ही करतो तेच मी केलं. वाकले आणि ओळीवर बोट ठेवलं. ह्यांनी माझ्या बोटाला लागून सही केली. नेहमीची झोकदार नाही आली. मुलीनं ती पडद्याशी लावून बघितली नाही, तशीच घेतली.